अक्षर कां बिघडलें?

शिक्षकाच्या पेशांत हयात गेली म्हणजे मुलाची प्रकृति त्याच्या वहींत वाचण्याची संवय जडते. माझ्या वर्गांतील एका मुलाचें मोत्यासारखें अक्षर महिन्याभरांत वेडेंवांकडें झालें. हातपाय वळवळूं लागले. घरीं त्यास खोडसाळ ठरवून चोप मिळाला व मग दृष्टही काढण्यांत आली. मीं वडिलांस डॉक्टरांकडे जाण्याचा आग्रह केला, तेव्हां 'कोरिया' हा रोग निघाला.

वाचकहो, याचें मूळ घशांत असतें! स्ट्रेप्टोकोकस नामक जंतूंशीं झुंजण्यासाठीं शरीर प्रतिद्रव्यें निर्माण करतें. परंतु शत्रु व स्वजन यांच्या सादृश्यामुळें तीं मेंदूंतील हालचालींचें नियमन करणाऱ्या भागावरच उलटतात. रज्जुसर्पन्यायच हा! घसा बरा होऊन आठवडे, कधीं महिनेही लोटलेले असतात. म्हणून संबंध ध्यानांत येत नाहीं.

या रोगाचें वर्णन सिडनहॅम या इंग्रज वैद्यानें १६८६ सालीं केलें. १९९८ सालीं अमेरिकेंत डॉ. सुसान स्वीडो यांनीं ५० मुलांची हकीकत प्रसिद्ध केली. त्यांच्यांत अनिवार शंका व अंगविक्षेप घसादुखीमागून बळावत. या 'पॅन्डास' विकाराविषयीं मात्र डॉक्टरांत अद्यापि मतभेद आहेत.

जंतुजन्य घसादुखी ठरल्यास औषधाचा क्रम पुरा करावा. ताप उतरला म्हणून सोडूं नये. कोरिया झालेल्या मुलाचें हृदयही तपासून घ्यावें. आणि छडी उचलण्यापूर्वीं गुरुजनांनीं मागील महिन्यांची वही अवश्य उघडून पहावी.