दगडांचं जातं

बालमित्रांनो, जातं पाहिलंय का कधी? नसेल तर आजीला विचारा. खालचा दगड स्थिर, वरचा फिरता आणि मधल्या दाण्यांचं पीठ! आता अशी कल्पना करा, की या जात्याचे दोन्ही दगड कित्येक किलोमीटर जाड आहेत आणि मध्ये भरडला जातोय तोही दगडच.

असं जातं पृथ्वीच्या पोटात खरंच असतं. जिथे खडक तुटून एकमेकांवरून सरकतात, त्या जागेला भूगोलाच्या पुस्तकात प्रस्तरभंग म्हणतात. स्कॉटलंडच्या डोंगरात अशा जागी चार्ल्स लॅपवर्थ यांना बारीक कणांचा, पट्ट्यापट्ट्यांचा एक खडक मिळाला. एकेकाळी ते शाळेत शिक्षक होते. हा खडक भरडून झालाय असं त्यांना वाटलं, म्हणून १८८५ साली त्यांनी त्याला 'मायलोनाइट' हे नाव दिलं. हा शब्द जात्यासाठी असलेल्या ग्रीक शब्दावरून आलाय.

गंमत पुढेच आहे. नंतरच्या शास्त्रज्ञांनी या खडकाचे पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तेव्हा कळलं की हे पीठ नव्हेच, ही तर मळलेली कणीक! खूप खोलवर, साधारण ३०० अंश सेल्सिअसच्या पुढे, गारगोटीसारखा कठीण पदार्थही न तुटता हळूहळू ताणला जातो. फेल्डस्पार नावाचं खनिज मात्र तेवढ्या उष्णतेला दाद देत नाही. त्याचे गोलसर दाणे कणकेत राहिलेल्या शेंगदाण्यांसारखे दिसतात. नाव जात्याचंच राहिलं, पण खडकाने खरी हकिगत सांगितली.

असा खडक मी पाहिला तो बद्रीनाथच्या रस्त्यावर. जोशीमठाच्या अलीकडे हेलंग नावाचं छोटं गाव लागतं. त्याच्या आसपासच 'मेन सेंट्रल थ्रस्ट' हा हिमालयातला प्रचंड प्रस्तरभंग रस्ता ओलांडतो. सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वी भारताचा भूपट्ट आशियाला धडकला. पुढे, साधारण दोन कोटी वर्षांपूर्वी, खोलवरचे तापलेले खडक याच वाटेने वर चढून थंड खडकांवर जाऊन बसले. त्यामुळे इथे उलटाच प्रकार दिसतो. जमिनीत खोल जावं तशी उष्णता वाढते ना? इथे मात्र डोंगर चढावा तसतसे अधिकाधिक उष्णता सोसलेले खडक भेटतात!

तिथला एक तुकडा माझ्या टेबलावर आहे. त्यात अभ्रक चमकतं आणि मधूनमधून तांबूस ठिपके दिसतात. ते गार्नेटचे स्फटिक. गार्नेट झाडाच्या खोडासारखं आतून बाहेर वाढतं. वाढताना भोवतालची उष्णता आणि दाब बदलला, की प्रत्येक थराची रासायनिक घडणही बदलते. मधल्या भागापासून कडेपर्यंत तपासत गेलं, की तो खडक किती खोल गेला आणि किती तापला, याचा हिशेब मांडता येतो. माझ्या तुकड्यात एक बारीक तडाही आहे. ती सगळे पट्टे कापून जाते. म्हणजे आधी काय झालं असेल, सांगा पाहू? आधी खोलवर खडक ताणला गेला. मग तो वर आला, थंड झाला आणि नंतर तुटला.

तुम्ही म्हणाल, एवढं कशाला खणत बसायचं? २० ऑक्टोबर १९९१ रोजी पहाटेच्या अंधारात उत्तरकाशी हादरली. सातशेहून अधिक माणसं दगावली. २९ मार्च १९९९ला चमोलीची पाळी आली. असे भूकंप दहा-पंधरा किलोमीटर खोलीवर सुरू होतात. माणसाने पाडलेलं सर्वांत खोल छिद्र रशियातल्या कोला इथलं, तेही जेमतेम सव्वाबारा किलोमीटर. तिथल्या खडकाचं काय होतं, हे हातात धरून पाहायचं तर वर आलेले हे जुने खडकच हवेत. काहींत तर काळ्या काचेसारख्या शिरा सापडतात. भूकंपाच्या काही सेकंदांच्या घर्षणाने खडक वितळला, त्याच्या त्या खुणा!

पुढचा भूकंप कधी होईल, ते दगड सांगत नाही. पण इथली जमीन सरकत आलीय, हे तो स्पष्ट सांगतो. अशा जागी शाळा, घरं आणि पूल किती मजबूत बांधायचे, ते मात्र आपण ठरवायचं. तुमच्यापैकी कुणीतरी उद्या इंजिनियर होईल. तेव्हा आधी दगडाचं म्हणणं नीट ऐकून घ्या, बरं का!