दुसऱ्या क्रमांकाचा शहाणा

दिवाळीचा पाडवा म्हणजे द्यूतप्रतिपदा. या दिवशी शंकर-पार्वती द्यूत खेळले आणि शंकर हरले, अशी कथा आहे. त्या पुण्याईवर आपल्याकडची सोवळ्यातली माणसेही फराळ आटोपला की पत्त्यांचा कॅट बाहेर काढतात. अशा घरगुती डावाकडे जरा लांबून पाहावे. हरणारा म्हणतो, "पानंच आली नाहीत हो!" जिंकणारा मात्र "पानं आली" असे चुकूनही म्हणत नाही. तो म्हणतो, "चौकटची राणी तुझ्याकडे आहे, हे मी केव्हाच ओळखलं होतं!" हरणे नशिबाचे आणि जिंकणे अकलेचे, असा हा जमाखर्च असतो. चहा येईपर्यंत तो टिकतो आणि चहाबरोबर विरघळतो.

पण पत्ते हीच ज्यांची शेतीवाडी आणि पत्ते हीच ज्यांची नोकरी, त्यांचे काय होत असेल?

अमेरिकेतल्या लास व्हेगस शहरी 1970 साली बेनी बिनियन या जुगारगृहाच्या मालकाने पोकरचे नामांकित खेळाडू एकत्र जमवले. शेवटी सर्वश्रेष्ठ कोण हे खेळाडूंनीच मते देऊन ठरवायचे होते. पुढची गोष्ट मोठी चवीने सांगतात. मते मोजली तर प्रत्येकाला एकेकच मत! प्रत्येकाने स्वतःलाच दिलेले. मग विचारले म्हणे, "बरे, तुमच्या खालोखाल कोण?" तेव्हा कुठे जॉनी मॉस निवडून आला. गोष्टीत तिखटमीठ किती असेल ते असो. मॉस मतांनी निवडला गेला, एवढे खरे. पुढच्या वर्षापासून मतदान बंद झाले आणि हाती चकत्या उरतील तो विजेता, असा रोकडा नियम आला. मला या गोष्टीचा अचंबा मुळीच वाटत नाही. चार कादंबरीकारांना एका खोलीत बसवून असेच मतदान घ्या. निकाल मी आजच सांगतो.

मी स्वतः पोकर खेळत नाही. रात्री वह्या तपासून झाल्या की या मोठमोठ्या डावांची चित्रणे मोबाइलवर पाहत बसतो. "पैसे न लावता जुगारात रात्र घालवणारे अहो तुम्हीच पहिले!" असे आमच्या घरातून ऐकू येते. पण माझे लक्ष पैशांकडे नसतेच. मी पाहतो माणसे.

खेळ वरवर सोपा. प्रत्येकाला दोन पाने पालथी मिळतात, पाच पाने मध्ये सर्वांसाठी उघडी पडत जातात आणि टप्प्याटप्प्याने बोली वाढत जाते. हाती काही नसताना राजासारखे बसता आले, तर समोरचा पाने टाकून देतो आणि डाव आपला होतो. अशा वेळी वर्षाची कमाई एका हाताने पुढे सारायची म्हणजे छातीत मीपणाचा मोठा साठा लागतो. भिडस्त, संकोची माणसाचे ते काम नव्हे. अहंकार हे या धंद्याचे भांडवलच.

आणि नेमके इथेच पोकर माणसाला कात्रीत पकडते. दोन एक्के म्हणजे पहिल्या दोन पानांतला राजयोग. सरासरीने 221 डावांत एकदा येतो. समोर दोन राजे असले तर एक्के शंभरांत ऐंशीहून अधिक वेळा जिंकतात. पण उरलेल्या अठराएक वेळा हरतात, आणि त्या अठरांतली एखादी वेळ आयुष्यातल्या सर्वांत मोठ्या डावात उभी राहू शकते. बुद्धिबळात हरलेल्याला आपली चूक शोधता येते. इथे मात्र बरोबर खेळलेला हरतो आणि चुकलेला पैसे गोळा करून घरी जातो. निकाल त्या दिवशी खरे सांगेलच असा भरवसा नाही.

फिल हेलम्युथचे पाहा. 1989 साली, वयाच्या अवघ्या 24 व्या वर्षी, तो जागतिक स्पर्धेचा मुख्य डाव जिंकला, आणि तोही मागची दोन वर्षे ओळीने जिंकलेल्या जॉनी चॅनला हरवून. 2023 पर्यंत त्याने या स्पर्धेतली 17 सुवर्णकंकणे मिळवली. इतकी दुसऱ्या कोणाजवळ नव्हती. पण त्याचे जगप्रसिद्ध टोपणनाव काय? आपल्या भाषेत सांगायचे तर 'पोकरचा कार्टा'. हरला की तो उठतो, येरझाऱ्या घालतो आणि जिंकणाऱ्याची अक्कल काढतो. नशीब नावाची भानगड नसती तर प्रत्येक डाव मीच जिंकलो असतो, असे त्याचे म्हणणे. त्याचा थयथयाट पाहताना मला हसू येते आणि थोडी कीवही येते. हा माणूस समोरच्यावर रागावलेला नसतो; जग न्यायाने चालत नाही, यावर रागावलेला असतो. आमच्या वर्गातली हुशार मुले पहिला नंबर हुकला की अशीच रुसतात.

या रागाला त्या धंद्यात 'टिल्ट' म्हणतात. नाण्यावर चालणारे गोळ्यांचे एक खेळयंत्र असते. ते फार हलवले की त्यावर हा शब्द उजळतो आणि यंत्र बंद पडते. माणसाचेही तसेच. एक डाव अन्यायाने गेला की तो भरून काढण्यासाठी पुढचे दहा डाव तो आंधळेपणाने खेळतो. धर्मराज राज्य हरला, भाऊ हरला, स्वतःला हरला आणि तरी द्रौपदीला पणाला लावून बसला. शकुनीचे फासे कपटी होते हे खरे. पण धर्मराजाला पटावरून उठता आले नाही, हेही तितकेच खरे.

पण राग न येताही माणूस बुडतो. स्टू उंगर हा पोकरच्या इतिहासातला बहुधा सर्वांत उपजत बुद्धीचा खेळाडू. तो आधी जिन रमी खेळे. ती इतकी बिनतोड, की त्याच्याशी खेळायला कोणी बसेनासे झाले. मग पोकरकडे वळला आणि 1980 व 1981 अशी लागोपाठ दोन वर्षे अजिंक्य ठरला. जिंकलेले पैसे घोड्यांच्या शर्यतींवर आणि खेळांच्या पैजांवर उधळले. शरीर कोकेनने पोखरले. तब्बल 16 वर्षांनी, 1997 साली, तो तिसऱ्यांदा जिंकला. बक्षीस 10 लाख डॉलर. पुढल्याच वर्षी, नोव्हेंबर 1998 मध्ये, लास व्हेगसच्या एका साध्या मोटेलच्या खोलीत तो मेलेला सापडला. वय 45. जवळ 800 डॉलरच्या आसपास. मित्रांनी वर्गणी काढून त्याला मूठमाती दिली. समोरच्याची पालथी पाने वाचणाऱ्या या माणसाला पटावर कोणी हरवीना, तेव्हा पटाबाहेरही आपण हरणार नाही असे त्याला वाटले असावे.

या मंडळींत मला आवडतो एरिक सायडेल. 1988 साली तो अखेरच्या डावात चॅनकडून हरला. तो डाव पुढे चित्रपटातही दाखवला गेला. एखाद्याचा जन्म त्या जखमेवरची खपली काढण्यात गेला असता. सायडेल निमूटपणे खेळत राहिला आणि 2023 पर्यंत 10 कंकणे मिळवून बसला. मारिया कोन्निकोव्हा या मानसशास्त्र शिकलेल्या लेखिकेने त्याच्याकडून पोकरचे धडे घेतले आणि 2020 साली त्यावर पुस्तक लिहिले. आपण कसे दुर्दैवाने हरलो हे ती सांगू लागली की गुरुजी तिला थांबवीत. पाने कशी पडली ते नको; त्या वेळी तू विचार काय केलास, तेवढे सांग. अहंकार सायडेललाही असणारच; त्याखेरीज त्या टेबलाशी कोणी बसूच शकत नाही. फक्त त्याने तो निकालावरून काढून निर्णयावर ठेवला आहे.

हे वाचले तेव्हा मला माझे वडील आठवले. त्यांनी उभ्या जन्मात पत्त्याला हात लावला नाही. पण ते कोरडवाहू शेतकरी होते. मृगाचा पहिला पाऊस पडला की सारे गाव तिफणी जुंपी. वडील शेतात बसून माती उकरीत आणि ओल पुरेशी खोल गेलेली नसली की परत येत. एका वर्षी ते असेच थांबले. पाऊस मात्र थांबला नाही. आधी पेरलेल्यांची पिके तरारून आली. आमची मागे पडली आणि निम्म्याने आली. गाव हसले. मी मॅट्रिक झालो तो त्याच साली, आणि तेवढ्यावरच थांबलो.

पुढल्या मृगाला पुन्हा तसाच पहिला पाऊस पडला. आई म्हणाली, "अवं, औंदा तरी चार जणांसंगं पेरा."

वडिलांनी माती मुठीत दाबून पाहिली आणि हात झटकले. म्हणाले, "गेल्या साली पाऊस त्यांच्या बाजूनं पडला. म्हणून माझी माती खोटं बोलली नव्हती."

आणि ते घरी येऊन, गेल्या वर्षीइतक्याच शांतपणे, जेवायला बसले.