पैसे वसूल

डिसेंबर जवळ आला की पुण्या-मुंबईहून मला दोन तऱ्हेचे निरोप येऊ लागतात. कुणाचे गाणे ऐकावे हे विचारणारे आणि कुठल्या सभेच्या कँटीनमध्ये जेवावे हे विचारणारे. गेल्या काही वर्षांत दुसरे वाढलेत. त्यांच्या शेवटी हमखास विचारलेले असते : पैसे वसूल होतात ना?

चेन्नईचा संगीत हंगाम हा खरे तर खाद्यमहोत्सव नव्हे. १९२७ साली मद्रासला काँग्रेसचे अधिवेशन भरले, त्याला जोडून संगीत परिषद झाली, तिच्यातून पुढच्या वर्षी म्युझिक अकादमी उभी राहिली आणि मार्गळी महिन्यातल्या मैफलींची प्रथा रुजत गेली. आता मैलापूर, टी. नगर भागांतल्या कितीतरी सभांचे कार्यक्रम सकाळपासून रात्रीपर्यंत चालतात. श्रोत्यांच्या खाण्याची सोय म्हणून सभागृहालगत मांडव पडले, आचारी आले. पुढे आचाऱ्यांचाच लौकिक झाला. ‘अरुसुवै’ नटराजन, ‘माउंटबॅटन’ मणी ही नावे इथे गवयांच्या नावांसारखी घेतली जातात. कँटीनला मैफलीचे तिकीट लागत नाही. दुपारी केळीच्या पानावर जेवण, संध्याकाळी टिफिन. गाण्याशी देणेघेणे नसलेली कुटुंबेही येतात, जेवतात, जातात. पेय म्हणाल तर फिल्टर कॉफी. तमिळनाडूत दुकानांतली दारूविक्री २००३ पासून सरकारी टास्मॅककडेच आहे. नाशिकच्या सुलाफेस्टसारखे काही इथे दिसत नाही.

ज्याला रीतसर ‘फूड फेस्टिव्हल’ म्हणतात तोही मी पाहिला आहे. प्रवेशाचे तिकीट वेगळे, आत गेल्यावर कार्डात पैसे भरायचे ते वेगळे, आणि कार्डात उरलेले परत मिळत नाहीत. कागदी द्रोणात चार घास, बसायला जागा नाही, लाउडस्पीकरपुढे बोलणे अशक्य. तेच पदार्थ तेच लोक आपल्या दुकानात निम्म्या दरात देतात. त्यापुढे सभेचे पान स्वस्तच म्हणायचे. वाढपी पुन्हा पुन्हा येतो, रसमनंतर भात पुन्हा विचारतो, शेजारचा अनोळखी म्हातारा सकाळच्या तोडीबद्दल तक्रार करत असतो.

पण नुसता स्वस्ताईचाच हिशेब करायचा तर चेन्नईत कुठलाच महोत्सव टिकणार नाही. याच शहरात २०१३ साली महापालिकेची ‘अम्मा उणवगम’ सुरू झाली, तेव्हा इडली एक रुपयाला होती, सांबारभात पाच रुपयांना आणि दहीभात तीन रुपयांना. पोट भरण्याची किंमत तिथेच ठरून गेली. त्यावर आपण जे देतो ते कशाचे, हा प्रश्न उरतो.

माझ्यासारख्या मराठी माणसाला त्या पानावर एक जादा लाभ असतो. पाटीवर तमिळ अक्षरांत चक्क ‘पोळी’ लिहिलेले असते, आत पुरण किंवा खोबरे. ‘पिटलै’ हे नाव आपल्या पिठल्यावरून आले असे मानतात, मात्र त्यात पिठाऐवजी कारले किंवा वांगे, तुरीची डाळ आणि खोबरे. तंजावरला भोसल्यांची सत्ता १८५५ पर्यंत, म्हणजे सुमारे पावणेदोनशे वर्षे होती, तिची ही खूण. तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात राजवाड्याच्या मुदपाकखान्यातल्या पाककृतींचे मराठी हस्तलिखित आहे, ‘शरभेंद्र पाकशास्त्र’. त्यात मांसाचे पदार्थही आहेत. सभेच्या पानापर्यंत पोहोचली ती पोळी.

हे मला माझ्या एका तमिळ सहकाऱ्याने दाखवून दिले. मी तमिळमधून मराठीत काही आणते तेव्हा अडलेले शब्द त्याला विचारते. दोन हंगामांपूर्वी आम्ही एका कँटीनमध्ये जेवलो. तो मनापासून जेवला, अक्कारवडिसल दोनदा घेतले. बाहेर आल्यावर म्हणाला, ‘‘अक्का, जेवण उत्तम. पण माझी आई आयुष्यभर जे रांधते त्याचा उत्सव होईल असं मला कधी वाटलं नाही.’’ तो दलित आहे. आईच्या हातचे जे तो सांगत होता ते बीफ होते. आवाजात राग नव्हता, म्हणून मला उत्तर सुचेना.

२०२२ च्या मे महिन्यात चेन्नईहून बंगळूरच्या वाटेवरच्या आंबूरला जिल्हा प्रशासनाने बिर्याणी महोत्सव ठरवला आणि त्यातून बीफ वगळले. आंबूरच्या बिर्याणीत बीफ बिर्याणीही आलीच. विरोध झाला, पावसाचे कारण देऊन महोत्सव पुढे ढकलला गेला, आणि राज्याच्या अनुसूचित जाती-जमाती आयोगाने हा भेदभाव नव्हे का असे प्रशासनाला विचारले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये चेन्नईच्या आयलंड ग्राउंड्सवर सरकारी खाद्यमहोत्सव झाला. तिथेही सुरुवातीला बीफ नव्हते. टीका झाल्यावर स्टॉल लागले.

तमिळमध्ये दराला ‘विलै’ म्हणतात आणि मोलाला ‘मदिप्पु’. मदिप्पु म्हणजे मानही. आपण मराठीत एकाच शब्दावर दोन्ही भागवतो : भाजीची किंमत विचारतो आणि ‘घरात मला कुणी किंमत देत नाही’ असेही म्हणतो. आंबूरचे लोक दुसऱ्या अर्थाने किंमत मागत होते. बिर्याणी त्यांना रोजच मिळते, तीही महोत्सवापेक्षा स्वस्त. सरकारी मांडवात ती नाही, याचा अर्थ ती खाणारेही मोजणीत नाहीत, एवढे त्यांना कळत होते.

म्हणून महोत्सवाचे पैसे वसूल होतात का, याचा हिशेब मी आता पाटीवरचे दर पाहून करत नाही. घरी, गल्लीत किंवा हॉटेलात मिळणारे अन्न महोत्सवात आणले की त्याच्यावर चढतो तो मान. जादा पैसे त्याचेच असतात. तो मान आधीच ज्यांच्या वाट्याला आहे त्यांनाच पुन्हा मिळत असेल, तर मला तो सौदा महाग वाटतो, पान कितीही भरलेले असो. आंबूरची बिर्याणी आंबूरच्या नावाने, काहीही न गाळता मांडली असती, तर द्रोणातले चार घासही परवडले असते.

सभेच्या कँटीनवर हा आरोप सरसकट लावता येत नाही. त्यांनी आपल्याला चेन्नईचा खाद्यमहोत्सव म्हटलेले नाही. तसे म्हणतो आपण, बाहेरून येणारे. एका परंपरेचे जेवण ती परंपरा जपणारे आचारी मन लावून करतात, दार उघडे ठेवतात, हे थोडे नाही. मी जातेच, आणि पाहुण्यांनाही नेते. फक्त हे शहराचे पान आहे असे त्यांना सांगत नाही. याच मार्गळीत २०२० पासून पा. रंजित यांच्या नीलमचा ‘मार्गळियिल मक्कळिसै’ हा लोकसंगीताचा महोत्सवही होतो, तिकडेही नेते. त्या सहकाऱ्याच्या आईने मला जेवायला बोलावले आहे. तिथे पैशांचा प्रश्न येत नाही, पण जाताना काय न्यावे हे अजून ठरत नाही. पोळी न्यावी असे वाटते.