कावेरीकाठाहून घराकडे : वाट निलगिरीच्या गारठ्याची

तंजावरहून उत्तरेकडे निघाले की अवघ्या १३ कि.मी.च्या अंतरात मोटारसायकल एकामागून एक पूल ओलांडत जाते. वडवार, वेण्णार, वेट्टार, कुडमुरुट्टी आणि शेवटी कावेरी. या पाच नद्यांवरूनच गावाला तिरुवैयारु, म्हणजे पाच पवित्र नद्यांचे गाव, असे नाव मिळाले आहे. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना भातखाचरे आणि नारळाची झाडे. जानेवारीत कापणीच्या दिवसांत भात थेट डांबरी रस्त्यावरच वाळत घातलेला दिसतो. दुचाकीस्वाराने तेथे जरा जपूनच जावे, कारण दाण्यांवरून चाक सहज घसरते.

संत त्यागराजांनी आयुष्याचा मोठा काळ या गावात काढला आणि १८४७ साली येथेच देह ठेवला. तंजावरचे मराठे राजे सरफोजी यांनी दरबारात येण्याचे दिलेले आमंत्रण त्यांनी नाकारले, अशी परंपरेने चालत आलेली कथा आहे. नदीकाठच्या त्यांच्या समाधीवर मंदिर उभे राहिले ते बंगळूर नागरत्नम्मा या गायिकेच्या खटपटीमुळे. ज्या उत्सवात स्त्रियांना गाण्याची मुभा नव्हती, त्याच उत्सवात पुढे स्त्रिया गाऊ लागल्या, यामागेही त्यांचाच हट्ट होता. पौष वद्य पंचमीला सकाळी शेकडो गायक-वादक एकत्र बसून पंचरत्न कृती गातात. ती तिथी बहुधा जानेवारीत येते. गाणे संपेपर्यंत ऊन अंगाला चटके देऊ लागते आणि मोटारसायकलवरून आलेला पाहुणा जाकीट काढून मागच्या बॅगेत कोंबतो.

खरी चूक येथेच होते. घामाने निथळत असताना थंडीची कल्पना करता येत नाही. महाराष्ट्रात परतण्यासाठी दोन वाटा आहेत. एक तिरुचिरापल्ली, नामक्कल, सेलम, होसूर अशी बंगळूरकडे जाणारी हमरस्त्याची, सरळ आणि थोडी कंटाळवाणी. दुसरी कोइम्बतूरवरून मेट्टुपाळयम, कुन्नूर, उटी आणि म्हैसूर अशी. इतक्या लांब आलोच आहोत तर उटी पाहूनच जाऊ, असे म्हणून पुष्कळजण दुसरी वाट धरतात.

गंमत म्हणजे, या मुलखातून घोड्यावरून घरी परतलेल्या सर्वांत प्रसिद्ध मराठी स्वाराने निलगिरीची वाट धरली नव्हती. १६७७ साली शिवाजी महाराज आणि त्यांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांची भेट झाली ती तिरुवैयारुपासून जवळच, कोळ्ळिडम नदीकाठच्या तिरुमलवाडीला. भेटीतून काही निष्पन्न झाले नाही आणि व्यंकोजीराजे रातोरात नदी ओलांडून निघून गेले. पुढे महाराज कोलार, शिरे, कोप्पळ, गदग या बाजूने पठारावरून परतले आणि १६७८ मध्ये पन्हाळ्याला पोहोचले. सैन्य सोबत असलेला माणूस वाट निवडताना डोंगराची हौस करीत नाही.

घाट रात्री चढू नये

तिरुवैयारुहून मेट्टुपाळयम सुमारे ३०० कि.मी. आहे. सकाळचे गाणे ऐकून निघालेला माणूस तेथे पोहोचेपर्यंत संध्याकाळ होते. समोर डोंगर दिसत असतो, उटी फक्त ५० कि.मी. राहिलेली असते. ‘आता काय, दोन तासांचा तर प्रश्न आहे,’ हे वाक्य मागे बसलेल्या व्यक्तीने त्याच जागी खोडून काढले पाहिजे. मेट्टुपाळयमची उंची जेमतेम ३०० मीटर आहे आणि उटीची २,२४० मीटर. तेवढ्या चढात तापमान १२ अंशांनी उतरू शकते. त्यात वाऱ्याची भर पडते. हवा ५ अंश असेल आणि वेग ताशी ५० कि.मी. असेल, तर उघड्या कातडीला ती शून्याखालची भासते. जानेवारीत उटीच्या परिसरातील गवतावर पहाटे हिमकण साचतात, विशेषतः पायकाराच्या रस्त्यावरील तलैकुंदाजवळ.

थंडी आधी बोटांना गाठते. क्लच आणि ब्रेक बोटांवरच चालतात, आणि बधिर बोटे हुकूम उशिरा ऐकतात. वळणावर तेवढा उशीरही महागात पडतो. चालवणारा निदान हालचाल तरी करीत असतो. मागे बसलेली व्यक्ती मात्र गप्प बसून गारठते, आणि तिचे गप्प बसणे म्हणजे ती झोपली, असे पुढच्याला वाटते. दर अर्ध्या तासाने तिच्याशी बोलावे. उत्तर अडखळत आले किंवा चाललेली कुडकुड अंग ऊबदार न होताच थांबली, तर तो आराम नसून धोक्याचा इशारा आहे. लगेच थांबून कोरडे कपडे, गरम पेय आणि छप्पर शोधावे. दारूचा घोट ऊब दिल्यासारखा वाटतो, पण त्याने शरीरातील उष्णता उलट बाहेर पडते.

जाकीट अपुरे असेल तर जुनी युक्ती आजही उपयोगी आहे. वर्तमानपत्राचे दोन-तीन जाड थर छातीवर, जाकिटाच्या आत घालावेत. वारा अडतो. हातमोज्यांवर साध्या प्लॅस्टिकच्या पिशव्या बांधल्या तर रूप गबाळे दिसते, पण बोटे वाचतात. मात्र पिशवीमुळे ब्रेकवरची पकड सुटत नाही ना, हे आधी सपाट रस्त्यावर पाहावे.

मेट्टुपाळयमला मुक्काम करून सकाळी चढलेला घाट मात्र सुंदर आहे. कल्लारच्या सुपारीच्या बागा मागे पडतात, वळणे सुरू होतात आणि एखाद्या वळणावरून डोंगरी रेल्वेचा रूळ दिसतो. मे २०२४ पासून निलगिरीत शिरण्यासाठी बाहेरच्या वाहनांना ई-पास लागू झाला आहे. नियम बदलत असतात, म्हणून निघण्यापूर्वी चौकशी करावी.

उटीहून निघायची घाई नको. सूर्य वर येऊ द्यावा, कारण निलगिरीच्या झाडांच्या सावलीत रस्ता उशिरापर्यंत ओला असतो. गुडलूरकडे उतरताना गाडी गिअरमध्येच ठेवावी. पुढे मुदुमलाई आणि बंदीपूरचे जंगल लागते. बंदीपूरचा रस्ता २००९ पासून रात्री ९ ते सकाळी ६ बंद असतो. तेथे थांबू नये आणि हत्ती दिसला तरी फोटोसाठी उतरू नये. म्हैसूर-बंगळूर द्रुतगती मार्गाच्या मुख्य मार्गिकांवर ऑगस्ट २०२३ पासून दुचाकींना बंदी आहे, त्यामुळे बाजूचा रस्ता धरावा लागतो. पुढे चित्रदुर्ग, हुबळी, बेळगाव, कोल्हापूर हे अंतर मोठे आहे. त्याला निदान दोन दिवस द्यावेत. निपाणीनंतर मराठी पाट्या दिसू लागल्या की हात आपोआप वेग वाढवतो. पौषातली पहाट येथेही चांगलीच बोचरी असते, हे त्या आनंदात ध्यानात राहत नाही.

घरच्यांसाठी तिरुवैयारुचा अशोका हलवा न्यावा. मूगडाळीचा, तुपाने माखलेला हा हलवा तेथे मऊ लुसलुशीत असतो. उटीच्या थंडीत डब्यातले तूप पांढरे पडून थिजते. तो खराब झाला असे समजून टाकू नये. कढईत मंद आचेवर जरा गरम केला की पुन्हा पहिल्यासारखा होतो.