हातचा घास

टोकियोच्या गिंझा भागात एका यजमानांनी आम्हांला सुशी खाऊ घातली. हजारो येनांचे ते जेवण आमच्या खिशाचे नव्हते. लाकडी फळीपुढे आठ खुर्च्या, पलीकडे आचारी. मेनूकार्ड नाही. या पद्धतीला 'ओमाकासे' म्हणतात, म्हणजे 'तुमच्यावर सोपवले'. बाजारात जो मासा चांगला मिळाला तोच पुढे येतो.

वाचकहो, 1820च्या दशकात, टोकियो एदो होते तेव्हा, ही सुशी रस्त्यावरच्या गाड्यांवर उभ्याने खात!

आचारी ओल्या हाताने व्हिनेगरचा कोमट भात घेतो, माशाच्या कापाला बोटाने झणझणीत वसाबी लावतो, दोन्ही एकत्र दाबून घास समोर ठेवतो. आपणही तो हातानेच उचलायचा. ज्यांच्या हातचे पाणी नाकारले गेले, त्यांची आम्ही लेकरे. आमचे लक्ष माशापेक्षा त्या हाताकडेच.

जपानही यातून सुटलेला नाही. कातडे कमावणाऱ्या, जनावरे सोलणाऱ्या बुराकुमिनांना तिथे दूर ठेवत. 1871च्या फर्मानाने तो दर्जा रद्द झाला, तरी लग्न जुळवताना मूळ गाव शोधणे पुढेही चाललेच.

शेवटी अंड्याची गोडसर वडी आली. शेजारच्या अनोळखी म्हाताऱ्याने हसून ती हातानेच खा, अशी खूण केली.