मैदान आपलं, पोरं आपली, मग व्हिडिओ कोणाचा?



शिमगा झाला की आपल्याकडे टुर्नामेंटचा सीझन भरात येतो. दाभोळपासून हर्णैपर्यंत एक रविवार मोकळा सापडत नाही. कुठे भात कापलेल्या मळ्यात, कुठे सड्यावर, कुठे शाळेच्या मागे. पूर्वी बॅनरवर चषक, प्रवेश फी आणि प्रमुख पाहुणे एवढंच असायचं. आता खाली ठळक अक्षरात आणखी एक ओळ असते, 'यूट्यूब लाईव्ह'. लाईव्ह नसेल तर चांगले संघ यायला कां-कू करतात. कुठल्याही आयोजकाला विचारा.

आज त्या एका ओळीबद्दल लिहायचंय. पोस्ट लांब आहे, पण मंडळांची कामं बघणाऱ्यांनी शेवटपर्यंत वाचावी अशी विनंती.

मी बुरोंडीचा. आमच्या वाडीच्या मंडळाची हिशोबाची वही बरीच वर्षं माझ्याकडे आहे, त्यामुळे कोणी किती धावा काढल्या यापेक्षा कशावर किती गेले हे मला जास्त पाठ. मंडप, जनरेटर, फ्लडलाईट, चषक, जेवण हे खर्च जुनेच. लाईव्हचा खर्च नवा. आणि आज तो मंडप आणि जनरेटर मिळून जेवढा होतो त्याच्या जवळपास पोचलाय. तरी तो कोणाला जड वाटत नाही, कारण त्याची किंमत आपण डोळ्यांनी बघितलीय.

नालासोपाऱ्यात, दिव्यात बसलेला चाकरमानी रजा नाही म्हणून गावी येत नाही, पण वाडीची मॅच बघतो. माझा एक चुलतभाऊ आखातात आहे. त्याचा मुलगा पहिल्यांदा वाडीच्या टीममधून उतरला तेव्हा तिकडे रूमवरचे सगळे एका मोबाईलभोवती बसले होते. मुंबई मंडळाची वर्गणी लाईव्ह सुरू झाल्यापासून वेळेवर येते, हेही वहीत दिसतं. तेव्हा लाईव्ह नको असं माझं अजिबात म्हणणं नाही. लाईव्ह हवंच.

माझं म्हणणं दुसरं आहे. आपण चित्रीकरणाचं काम बाहेर देतो, आणि त्याच्याबरोबर आपलं चित्रणसुद्धा देऊन टाकतो. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आमच्याकडे काय झालं ते सांगतो. एका वर्षी तालुक्याबाहेरच्या एका चॅनेलवाल्याला काम दिलं. बैठकीत मी म्हटलं, एक कागद करू. "ओळखीतला पोरगा आहे, त्याच्याशी कागद कसला करतोस?" असं उत्तर आलं आणि विषय संपला. काम त्यांनी चांगलं केलं. पैसे आपण पूर्ण दिले, पावती वहीला लावलेली आहे. त्या स्पर्धेत आमच्या वाडीतले एक काका अंपायर होते. आयुष्य मासेमारीत गेलं, पण अंपायरिंगची मोठी हौस. नो बॉल दिला की स्वतःच बॉलरला पाय कुठे पडला ते दाखवायला जायचे, आणि अख्खं मैदान हसायचं. पुढच्या पावसाळ्यात ते गेले. त्यांचे फोटो म्हणजे आधारकार्डावरचा आणि लग्नातले दोन-तीन. चालते-बोलते काका फक्त त्या लाईव्हमध्ये होते.

दिवसकार्य झाल्यावर त्यांच्या मुलीने मला विचारलं, "भाऊ, बाबांचा तो व्हिडिओ मिळेल?" मी लिंक उघडली तर व्हिडिओ नाही. चॅनेलचं नाव बदललेलं, जुनं सगळं काढून टाकलेलं. फोन केला. कळलं की चॅनेल दुसऱ्या कोणाला तरी दिलं, आणि मूळ रेकॉर्डिंगची हार्डडिस्क कधीच रिकामी करून पुढच्या स्पर्धेला वापरली. बोलणारा उद्धट नव्हता. त्याच्या दृष्टीने ते काम संपलेलं होतं. त्या मुलीला काय सांगायचं, हे मात्र मला सुचलं नाही.

हे फक्त आमच्याकडे झालंय असं समजू नका. तुमच्या वाडीची पाच वर्षांपूर्वीची फायनल शोधून बघा, मिळते का.

आता कायदा काय म्हणतो ते बघू. कॉपीराईट कायदा १९५७ चा. त्याच्या कलम १७ चा अर्थ साध्या भाषेत असा, की मोबदला देऊन कोणी चित्रपट बनवून घेतला आणि त्याच्या उलट काही ठरलेलं नसेल, तर पहिला मालक तो बनवून घेणारा. आणि कायद्याच्या व्याख्येत चित्रपट म्हणजे फक्त थिएटरमधला सिनेमा नव्हे, व्हिडिओ रेकॉर्डिंगही त्यात येतं. म्हणजे मंडळाने पैसे मोजून चित्रीकरण करून घेतलं, तर ते चित्रण मंडळाचं. पण 'उलट काही ठरलेलं नसेल तर' हे शब्द नीट वाचा. समोरच्याने छापील फॉर्मवर सही घेतली आणि त्यात 'सर्व हक्क चॅनेलचे' असं असेल, तर विषय संपला.

याहून मोठी गोम 'फुकट लाईव्ह'मध्ये आहे. "पैसे नकोत, फक्त आमच्या जाहिराती चालू द्या" असं सांगणारे हल्ली खूप आहेत. तिथे मोबदला तुम्ही दिलेला नसतो, पुढाकार आणि खर्च त्यांचा असतो, मग मालकीही त्यांचीच म्हणायला जागा होते. फुकट मिळालं म्हणून मंडळ खूश, आणि चित्रण मात्र कायमचं दुसऱ्याचं.

"एवढ्याशा वाडीच्या मॅचला कायदा कशाला?" असं कोणी म्हणेल. त्यासाठी १९९३ सालची गोष्ट. हीरो कप आठवतोय ना? ईडन गार्डन्सवर सेमीफायनलची शेवटची ओव्हर सचिनने टाकली होती, आणि २७ नोव्हेंबरच्या फायनलमध्ये कुंबळेने १२ धावांत ६ विकेट घेतल्या. ते सामने बंगालच्या क्रिकेट संघटनेने भरवले होते आणि चित्रीकरणाचं काम ट्रान्स वर्ल्ड इंटरनॅशनल या परदेशी कंपनीला दिलं होतं. दूरदर्शनला ते मान्य नव्हतं. भांडण आधी कलकत्ता हायकोर्टात आणि मग सुप्रीम कोर्टात गेलं. ९ फेब्रुवारी १९९५ ला निकाल लागला. मुख्य निकालपत्र न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांचं, म्हणजे आपल्याच मराठी माणसाचं. कोर्टाने सांगितलं की हवेतल्या लहरी ही जनतेची मालमत्ता आहे, त्यावर ना सरकारची मक्तेदारी चालेल ना कोणा खाजगी माणसाची. सामना भरवणाऱ्याला तो दाखवण्याचा हक्क आहे, आणि लोकांना तो बघण्याचा.

आपल्याला यातून घेण्यासारखी गोष्ट एवढीच. कॅमेरे परदेशी कंपनीचे होते, पण सामना दाखवायचा कोणी आणि कसा, यासाठी कोर्टात उभी राहिली ती सामना भरवणारी संघटना. काम करणारा वेगळा आणि हक्काचा धनी वेगळा, हे तिला माहीत होतं. आपल्या वाडीच्या मंडळालाही ते माहीत असायला काय हरकत आहे?

दुसरी गोष्ट जरा काळजीची आहे. जुलै २०२२ मध्ये गुजरातमधल्या मेहसाणा जिल्ह्यात मोलीपूर नावाच्या गावात पोलिसांनी एक खोटी 'आयपीएल' पकडली. शेतात मैदान केलेलं, हॅलोजन लावलेले, पाच कॅमेरे. शेतमजूर आणि बेकार पोरांना मॅचमागे चारशे रुपये देऊन आयपीएल संघांच्या जर्सी घालून खेळवलं जायचं. गर्दीचा आवाज इंटरनेटवरून उतरवलेला. सगळं यूट्यूबवर लाईव्ह, आणि त्यावर सट्टा लावत होते रशियातले लोक. त्याआधी २०२० मध्ये पंजाबात मोहालीजवळच्या एका गावात मॅच खेळवून ती श्रीलंकेतली म्हणून दाखवली होती.

आपल्याकडे असं चाललंय असं मी म्हणत नाही. पण सट्टेवाल्याला मोठं स्टेडियम लागत नाही, त्याला फक्त लाईव्ह लागतं. लाईव्ह घरी पोचतं ते मैदानापेक्षा काही सेकंद उशिरा. तेवढ्या सेकंदांत मैदानाच्या कडेला उभा राहून फोनवर बोलणारा अनोळखी माणूस कोण, हे आयोजकाने विचारायला हवं. आपलं चित्र कुठल्या चॅनेलवर जातंय, पुढे अजून कोणाला दिलं जातंय, त्यावर कसल्या जाहिराती येतायत, हेही विचारायला हवं. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांविरुद्ध संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये कायदा केलाय, आणि त्यात त्यांच्या जाहिरातींवरही बंदी आहे. स्कोअरच्या पट्टीशेजारी असली जाहिरात दिसली, तर बॅनरवर नाव मंडळाचं असतं, चॅनेलवाल्याचं नव्हे.

मग करायचं काय? वकील नको, मोठा करार नको. एक पानभर कागद, दोन सह्या, दोन साक्षीदार. त्यात एवढं असावं.

१. चित्रणाची मालकी मंडळाची. चॅनेलला दाखवायची परवानगी, तीही या एका स्पर्धेपुरती.

२. लाईव्ह शक्यतो मंडळाच्या स्वतःच्या चॅनेलवर. चॅनेल काढायला पैसे लागत नाहीत. पण पहिल्यांदा लाईव्ह चालू करताना फोन नंबर पडताळावा लागतो आणि परवानगी यायला एक दिवस लागू शकतो. ते काम स्पर्धेच्या सकाळी काढू नका.

३. मूळ रेकॉर्डिंग बक्षीस समारंभानंतर आठ दिवसांच्या आत मंडळाच्या हार्डडिस्कवर. शेवटचा हप्ता ते मिळाल्यावरच.

४. लाईव्ह सलग बारा तासांच्या वर नेऊ नका. त्याच्या आतलं लाईव्ह यूट्यूब आपोआप साठवतं, त्यापुढे भरवसा नाही. सकाळी लावून रात्रीच्या फायनलपर्यंत तेच चालू ठेवण्याची आपल्याकडे पद्धत आहे. दुपारी बंद करून दुसरं सुरू करा.

५. जाहिराती कोणाच्या ते मंडळ ठरवणार. सट्टा, जुगार, दारू नाही.

६. ब्रेकमध्ये डीजेवर सिनेमातली गाणी लागली आणि ती लाईव्हमध्ये गेली, तर हक्काच्या दाव्याने आवाज जाऊ शकतो किंवा लाईव्हच बंद पडू शकतं. मैदानावर काय वाजवायचं ते वाजवा, पण लाईव्हला त्या वेळी मैदानाचा माईक बंद ठेवायची जबाबदारी कोणाची, ते लिहून ठेवा.

७. नेट कोण आणणार? साधं स्वच्छ चित्र जायला साधारण तीन-चार एमबीपीएस अपलोड लागतं. सड्यावर सकाळी रेंज फुल असते आणि संध्याकाळी सगळे आपापला मोबाईल काढून बसले की पडते. दोन वेगळ्या कंपन्यांची सिमं ठेवावीत. चाचणी आदल्या दिवशी, आणि तीही संध्याकाळीच.

आता हे काम करणाऱ्या पोरांबद्दलही दोन शब्द. त्यांच्यावर माझा राग नाही. बांबूच्या माचावर चढून दिवसभर उन्हात कॅमेरा फिरवायचा, समुद्रावरचा वारा सुटला की स्टँड धरून बसायचं, रात्री दोनला वायर गुंडाळायची. हे कष्टाचं काम आहे आणि त्याचा दाम मिळायलाच हवा. उलट माझं म्हणणं आहे की हे काम आपल्याच मुलामुलींनी शिकावं. दोन कॅमेरे, एक लॅपटॉप, फुकट मिळणारं सॉफ्टवेअर आणि स्कोअर टाकायला बसलेला एक जण, एवढ्यावर बरं लाईव्ह होतं. दापोलीला कॉलेजला जाणारी आपली मुलं रील तर बनवतातच. पहिल्या वर्षी बाहेरच्या टीमबरोबर वाडीतली दोन पोरं मदतीला बसवायची, अशी अट त्याच कागदात घालता येते. तिसऱ्या वर्षी बाहेरचं कोणी लागणारही नाही. मग हाच संच मुलींच्या कबड्डीला वापरा, शाळेच्या स्पोर्ट्सला वापरा, शिमग्याला पालखी नाचते तेव्हा वापरा. आज लाईव्ह फक्त पुरुषांच्या क्रिकेटचं होतं, कारण तिथे जाहिरात मिळते.

एक शंका मला बैठकीत हमखास येते. "कागद मागितला तर चॅनेलवाला नाराज होईल, दुसरीकडे जाईल." जाऊ दे की. मंडपवाल्याकडून आपण पावती घेतो, जनरेटरवाल्याशी डिझेल कोणाचं ते आधी ठरवतो, चषकवाल्याला नावात काना-मात्रा चुकला तर परत पाठवतो. तेव्हा कोणी नाराज होत नाही. मंडप दुसऱ्या दिवशी उतरतो, जनरेटर परत जातो. स्पर्धेतून गावाकडे कायम राहील अशी वस्तू एकच, ती म्हणजे चित्रण. आणि नेमकी तीच आपण तोंडी व्यवहारावर सोडतो.

सीझन अजून बाकी आहे. मे महिन्यात चाकरमानी आले की मोठ्या स्पर्धा व्हायच्यात, त्यांच्या बैठका आता लागतील. ग्रामीण आणि मुंबई, दोन्ही मंडळांच्या पदाधिकाऱ्यांनी हा विषय अजेंड्यावर घ्यावा. कागदाचा नमुना मी मराठीत लिहून ठेवलाय. ज्या मंडळाला हवा असेल त्यांनी निरोप द्या, पाठवतो. त्याला पैसे नाहीत.