पाली आई नव्हे, मावशी

आमच्या कारखान्यात दर वर्षी हंगामाच्या तोंडावर पत्रिका छापतात. तिच्यात असतं, 'बॉयलर अग्निप्रदीपन व गव्हाण पूजन'. आम्ही मिलवरची पोरं एकमेकांना सांगतो, बॉयलर पेटला, मोळी पडली. अग्निप्रदीपन हा शब्द मी कुणाच्या तोंडून कधी ऐकला नाही. तो पत्रिकेवर जन्मतो, पत्रिकेवरच मरतो. पत्रिकेवरचा अग्नी आणि आमची आग यांच्यामधी कोण बसलंय, हे बघायला गेलो आणि तिथं 'अग्गि' भेटला. पाली मला अशी भेटली.

त्याच्या आधीची एक गोष्ट आहे. पाचवीत असताना वर्गात मी 'साळा' म्हणालो आणि त्याच दमात 'पानी' म्हणालो. मास्तरांनी बाकावर उभं केलं. शाळा, शाळा, पाणी, पाणी, दहादा म्हणून घेतलं. पोरं हसली. हसणाऱ्यांतली निम्मी घरी साळाच म्हणायची, पण ती बाकावर नव्हती. त्या दिवसापासून मी वर्गात कमी बोलायला लागलो. कविता लिहायला लागलो तेव्हासुद्धा श आला की हात अडायचा.

आता विहारात आपण रोज काय म्हणतो? सरणं. सीलं. सिक्खापदं. सगळीकडं स. पालीत श नाहीच, ष पण नाही. ऋ नाही, ऐ नाही, औ नाही. विहाराच्या कपाटात बाबासाहेबांचा सोळावा खंड होता, महाराष्ट्र शासनानं 1998 साली काढलेला. त्यात बाबासाहेबांनी केलेलं पालीचं व्याकरण आणि शब्दकोश आहे. ज्या माणसाला शाळेत अस्पृश्य म्हणून संस्कृत घेऊ दिलं नाही, फारसीवर बसवलं, त्या माणसानं संस्कृत पुढं स्वतःच्या जोरावर शिकून घेतलं आणि पालीचा कोशही केला. मी तो खंड आणि नगरला जुन्या पुस्तकांत मिळालेली एक पालीची वाचनपाठमाला घेऊन रात्रपाळीला जायला लागलो. मिल बंद पडली, काही अडकलं, की फिटर येईस्तोवर वाचायचं. एका रात्री 'साला' सापडलं. अर्थ, मोठी खोली, घर. मग 'पानीय' सापडलं, न असलेलं. बगॅसच्या ढिगापाशी बसून मी एकटाच हसलो. मास्तर, तुम्ही ज्यासाठी मला बाकावर चढवलं ते तिपिटकात आहे.

पण थांबा. हसू ओसरल्यावर मला माझंच पटेना. माझ्या तोंडातलं 'साळा' काही तिपिटकातून चालत आलेलं नाही. ते आमच्या वस्तीचं, आमच्या बाजूच्या रानाचं बोलणं. दोन्हीकडं श चा स झाला एवढंच खरं. ते 'अशुद्ध' नव्हतं, भाषा अशी वळत असते, हे कळायला तेवढं पुष्कळ आहे. जास्तीचं ओढायची गरज नाही.

माझं पोट उसावर चालतं, म्हणून मी आधी उसाचे शब्द धुंडाळले. संस्कृत इक्षु. पाली उच्छु. मराठी ऊस. हिंदीवाले ईख म्हणतात, ते इक्षुच्या जवळ. आपण उच्छुच्या जवळ. गुड, पालीत 'गुळ', आपला गूळ. तो ळ बघून मला फार बरं वाटलं, पुस्तकात घरचं माणूस दिसावं तसं. शर्करा, पालीत 'सक्खरा', आपली साखर. या शब्दाचा आणखी एक अर्थ खडे, वाळू असाही आहे, म्हणून खडीसाखर म्हणताना आपण एकच गोष्ट दोनदा म्हणतो. उसाच्या रसाला पालीत 'उच्छुरस', आणि भिक्खूंना तो प्यायची परवानगी विनयात दिलेली आहे. त्याच महावग्गात कंखारेवत नावाच्या भिक्खूची गोष्ट आहे. वाटेनं जाताना त्याला गुऱ्हाळ लागलं. तिथली माणसं गुळात पीठ आणि राख घालत होती. पीठ तर अन्न, मग दुपारनंतर हा गूळ कसा खायचा, अशी त्याला शंका. भगवंतांनी विचारलं, ते पीठ कशाला घालतात? घट्ट व्हायला घालतात, असं कळलं. मग खायला हरकत नाही म्हणाले. पिठाला तिथं शब्द आहे 'पिट्ठ'. अडीच हजार वर्षांच्या जवळपासचं गुऱ्हाळ, आणि त्यातले शब्द आमच्या गुऱ्हाळावर आजही चालतात. फक्त काकवीसारख्या पातळ पाकाला 'फाणित' म्हणत, ते आमच्याकडं कुणी ओळखत नाही.

हे सगळं मी आमच्या एका कार्यकर्त्या मित्राला सांगितलं. तो उडालाच. "लिही मग! पाली हीच मराठीची आई. संस्कृत-बिंस्कृत सगळं झूट."

मी म्हणालो, "नाय लिहिता येणार, भाऊ."

"का? भ्यायला का काय?"

भ्यायचं नाही. ऐक. वेळूला पालीत वेळु, घराला घर, तेलाला तेल, गावाला गाम, विकण्याला विक्किणाति, ठेवण्याला ठपेति, न्हाण्याला न्हायति. हे सगळं आपल्या बाजूचं. आता दुसरी बाजू. मच्छ या पाली शब्दाचा मराठीत झाला मासा. उच्छुचा ऊस. म्हणजे च्छ चा स होतो. रुक्खचा रुख, म्हणजे क्ख चा ख राहतो. आता माशीला पालीत काय? मक्खिका. नियमानं आपल्याकडं 'माखी' पाहिजे होती, हिंदीत मक्खी आहे तशी. आपण म्हणतो माशी. शेताला पालीत खेत्त. हिंदीत खेत. आपल्याकडं शेत. म्हणजे आपली माशी आणि आपलं शेत पालीच्या पोटातून आलेलं नाही, ते छ असलेल्या दुसऱ्या कुठल्या तरी बोलीतून आलं. अजून बघ. पाली म्हणते सूचि, आपण सुई. पाली पाद, आपण पाय. पाली याति, आपण जातो. पाली यन्त, आपण जातं. मधली अक्षरं गाळायची, सुरवातीच्या य चा ज करायचा, न चा ण करायचा, ही खोड महाराष्ट्री प्राकृताची. हालाची गाथासप्तशती ज्या भाषेत आहे, ती. मराठीचा वंश जाणकार तिच्याकडं नेतात. पाली ही त्या महाराष्ट्रीची बहीण. मग आपली कोण झाली?

तो म्हणाला, "मावशी."

"व्हय. मावशी."

त्याला ते फारसं आवडलं नाही. मलाही आधी आवडलं नव्हतं. पण परंपरेनं सांगितलं म्हणून मानू नका, ग्रंथात आहे म्हणून मानू नका, असं कालामांना सांगणाऱ्या माणसाच्या नावानं आपण खोटी वंशावळ लावायची? ती कामं करणारे पुष्कळ आहेत. संस्कृत ही सगळ्यांची आई, हे आम्हाला शाळेत असंच न तपासता पाजलं होतं.

मावशीकडं आपलं काय काय आहे ते बघितलं तरी पोट भरतं. पालीत लिंगं तीन, मराठीत तीन, हिंदीत दोनच. वंदनेतला 'तस्स' घ्या. आपण म्हणतो 'त्यास'. बुद्धस्स, बुद्धास. मराठीच्या चतुर्थीतला हा स जुन्या प्राकृत षष्ठीच्या 'स्स' मधून आला असं भाषेचे अभ्यासक मांडतात. माजघर हा शब्द तर अख्खा जुना आहे. मज्झ म्हणजे मधलं, घर म्हणजे घर. आमच्या वस्तीत कुणाला माजघर नव्हतं. एक खोली, तिला मधलं काय आणि कडेचं काय. शब्द माहीत होता तो पाटलाच्या वाड्यावर लाकडं फोडायला जाणाऱ्या आजीमुळं, आणि तिनंही ते दारातूनच बघितलं.

चुल्लवग्गात एक प्रसंग आहे. ब्राह्मण कुळातले दोन भाऊ भिक्खू झालेले. ते भगवंतांना म्हणाले, निरनिराळ्या जातीकुळांची माणसं आपलं वचन स्वतःच्या बोलीत म्हणून बिघडवतात, आपण ते छंदात, म्हणजे वेदांच्या वळणाच्या भाषेत, घालू. भगवंतांनी त्यांना झाडलं, आणि वचन आपापल्या बोलीत शिकायची मुभा दिली. यातही वाद आहे. बुद्धघोष म्हणतो, आपली म्हणजे बुद्धाची, मागधी. पण छंदाला नकार दिला याबद्दल वाद नाही. तेराव्या शतकाच्या आसपास आपल्याच मुलखात नागदेवाचार्यांनी संस्कृतात लिहू पाहणाऱ्या शिष्याला असंच अडवलं, बायाबापड्या वंचित होतील म्हणून. त्यांच्याच पंथाच्या म्हाइंभटानं लीळाचरित्र मराठीत लिहिलं, आणि हे म्हाइंभट सराळ्याचे, म्हणजे आपल्या नगर जिल्ह्यातलेच. जिल्ह्यात नेवाशाच्या खांबाला हार पडतात. सराळ्याचं नाव किती जणांना ठाऊक आहे?

आणखी एक, मग पुरे. शेवगावच्या पलीकडं गोदावरी ओलांडली की पैठण. सुत्तनिपातातल्या पारायनवग्गात गोदावरीच्या काठी राहणारा बावरी नावाचा ब्राह्मण आपले सोळा शिष्य बुद्धाकडं प्रश्न विचारायला पाठवतो. त्यांच्या वाटेवरचं पहिलं गाव पतिट्ठान. तेच हे पैठण. आपण पालीला बिहारची, लंकेची, ब्रह्मदेशाची समजतो. तिला आपली नदी ठाऊक होती.

3 ऑक्टोबर 2024 ला केंद्र सरकारनं मराठी, पाली, प्राकृत, आसामी आणि बंगाली यांना एकाच दिवशी अभिजात भाषेचा दर्जा दिला. आमचा हंगाम सुरू व्हायचा होता, मिलचे रोलर खोलून ठेवलेले. मराठीसाठी चौकात पेढे वाटले गेले. मलाही एक मिळाला. देणाऱ्याला म्हणालो, पालीचा पण दे की. त्याला वाटलं मी दुसरा पेढा मागतोय. दिला बिचाऱ्यानं.

घरी आजीला सांगितलं, बुद्धानं पहिलं सत्य सांगितलं त्याचं नाव दुक्ख. ती तेल चोळत बसली होती. म्हणाली, "त्यात काय सांगायचं? दुकतंयच की. सकाळधरनं दोन्ही गुडघं दुकत्यात." मी तिचा 'दुकतंय' वहीत टिपून घेतला, शेजारी तारीख.

त्या वहीत सध्या दोनशेच्या वर शब्द झालेत. एका बाजूला वस्तीतला, दुसऱ्या बाजूला पालीतला, आणि जुळत नसेल तिथं फुली. फुल्या मी खोडत नाही. तुमच्याकडच्या म्हाताऱ्या माणसांचे शब्द असतील तर पाठवा. गाव आणि तालुका लिहा. जसा बोलतात तसाच लिहा, शुद्ध करून पाठवू नका. पत्ता अंकाच्या मागच्या पानावर आहे.